किआराचं पहिलं मत

दिवाळी उलटली, जमिनीतली ओल ओसरली आणि सकाळचं ऊन जरा कोरडं झालं की वसईजवळच्या वटारमध्ये कुठे कुठे अजून मांडव उभे राहतात. लग्नाचे नव्हेत, केळ्यांचे. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर पसरायची, दिवसभर उन्हाकडे कूस बदलत राहायची, आणि दव पडायच्या आधी गोळा करून सुक्या पानांत निजवायची. आठवडाभर असे लाड केल्यावर त्यांची सुकेळी होते, मधाच्या रंगाची, चिवट आणि गोड. पूर्वी आमच्या आळीत घरोघर हे चालायचं. आता दोन-तीन घरं उरलीत, त्यांतलं एक माझं. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, एकटी राहते, आणि वाडी आहे तोवर मांडव घालणार असं मी कधीच ठरवून टाकलेलं आहे.

यंदाही घातला. आणि पहिल्याच दिवशी, केळ्यांवर बसू पाहणाऱ्या माश्या हाकलताना, मला गेल्या वर्षीचा हंगाम आठवला. गेल्या वर्षी या मांडवाच्या पलीकडच्या बाजूला माझी भाची उभी होती. धाकट्या भावाची, इनासची मुलगी. रोममध्ये जन्मलेली, रोममध्ये वाढलेली. नाव किआरा. आमच्या शेजाऱ्यांनी तिच्या पासपोर्टावरची इंग्रजी अक्षरं वाचून तिला ‘चिआरा’ करून टाकलं, आणि तिनेही ते हसून घेतलं.

इनास आणि त्याची बायको तरुणपणीच इटलीला गेले. तो एका बंगल्यात स्वयंपाकी, ती म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. दोघांनी आपला भारतीय पासपोर्ट कधी सोडला नाही, आणि म्हणून किआराचाही भारतीयच. तिथल्या कायद्यात अशा मुलांना एक दार आहे: तिथे जन्मून सलग तिथेच वाढलेल्या मुलीने अठरा पूर्ण झाल्यावर एका वर्षाच्या आत नगरपालिकेत उभं राहून सांगायचं, की मला या देशाची नागरिक व्हायचं आहे. वर्ष संपलं की हे दार बंद, मग लांबचा रस्ता. किआराचं वर्ष जानेवारीत संपणार होतं. इकडे आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. तिकडची झाली की इकडची नाही.

ती यायच्या आदल्या आठवड्यात इनासचा फोन आला. “ताई, पुढचं शिक्षण एक वर्ष मागे ठेवलंय तिने. म्हणून पाठवतोय. तिला समजाव.”

“काय समजावू?”

“घाई करू नकोस म्हणावं. तू शिक्षिका आहेस, तुझं ऐकेल. एकदा ती तिकडची झाली की वाडीत कोण येणार सांग. तुला मूल नाही, मला ही एकच, आणि आपल्या नायगावच्या भाच्याला वाडीत रस नाही.”

मी “बघते” म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्याचं पटलं होतं. आजोबांनी लावलेली चिकूची झाडं, विहीर, केळीची बाग, हे सगळं माझ्यानंतर कुणाच्या हाती जाईल या विचाराने मलाही झोप लागत नसे. तेव्हा त्या हंगामात मी एक काम अंगावर घेऊन बसले होते, आणि ते किआराला माहीत नव्हतं.

आली ती पाठीवर मोठी पिशवी घेऊन, केस आखूड कापलेले, उन्हाला डोळे बारीक करत. आणि बोलायला लागली तेव्हा आळीतल्या म्हाताऱ्या बायका कामं टाकून बघत राहिल्या. पोरगी आमची घरची बोली बोलत होती, तीही जुनी. इनासने जाताना जी भाषा सोबत नेली तीच तिच्या तोंडी उतरली होती. आमच्याकडची मुलं आता मुंबईचं मराठी बोलतात, मधे मधे हिंदी, इंग्रजी. ही मात्र “पानी दे गो”, “तो कोन?” असं बोलायची. शेजारची मार्था काकी तिला म्हणाली, “तू खरी वटारची.” किआराने मान हलवली. “नाय काकी. मी रोमची.” तिच्या बोलण्यात आढ्यता नव्हती. आपलं घर कुठे आहे ते माणूस सांगतं, तसं तिने सांगितलं. तिचं पुढचं बोलणं मी इथे नेहमीच्या मराठीत लिहिते आहे, वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून.

मला तिच्या त्या उत्तराची गंमत वाटली, आणि थोडं काही टोचलंही. आम्ही वसईचे कॅथलिक. आमची आडनावं पोर्तुगिजांनी दिलेली, देवळं, म्हणजे चर्चं, त्यांच्या काळातली. मी पुण्याला शिकत असताना वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं, “तुमचे लोक पोर्तुगालहून कधी आले?” मी म्हटलं होतं, “आमचे लोक कुठूनच आले नाहीत. इथेच भात लावत होते.” उभा जन्म मी हे लोकांना समजावत आले, की युरोप आमच्या नावात आहे, आमच्यात नाही. आणि आता माझ्या मांडवाशी माझ्याच रक्ताची एक मुलगी उभी होती जी सरळ सांगत होती, मी तिकडची.

केळी फिरवता फिरवता आम्ही बोलायचो. हात चिकट होतात त्यामुळे फोन हातात घेता येत नाही, हा या कामाचा मोठा फायदा. एके दुपारी मी विषय काढलाच.

“तुला तिकडचं व्हायचंच आहे का?”

“मी आहेच आत्या. फक्त त्यांच्या लेखी नाही.”

मग तिने शाळेतली गोष्ट सांगितली. त्यांच्या शाळेत युरोपच्या संसदेचा एक खेळ व्हायचा. वेगवेगळ्या देशांची बाजू मुलांनी घ्यायची, ठराव मांडायचे, भांडायचं, मतं टाकायची. तरुणांच्या नोकऱ्यांवरचा ठराव मांडायला वर्गाने तिला निवडलं होतं. ती बोलली आणि ठराव मंजूर झाला. “मास्तर म्हणाले, तू खरी युरोपियन. मला खूप बरं वाटलं. मग जूनमध्ये खरी निवडणूक आली, त्याच संसदेची. आमच्या वर्गातल्या सगळ्यांना मत होतं. मला नव्हतं.”

“मग काय केलंस?”

“बेकरीत कामाला गेले. माझी मैत्रीण बेनेदेत्ता समुद्रावर गेली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, मत दिलंस? म्हणाली, विसरले. मी म्हटलं, मग मला द्यायचंस. ती म्हणाली, देता येत असतं तर दिलंच असतं.” किआरा एक केळं उलटून ठेवताना थांबली. “ती वाईट नाही आत्या. तिला ते जन्मापासून मिळालेलं आहे म्हणून दिसत नाही.”

 समजावण्यासाठी मी जी वाक्यं जुळवून ठेवली होती ती तिथे कामाची नव्हती.

आपल्याकडे तेव्हा विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस होते. रिक्षांवर भोंगे, नाक्यावर झेंडे, संध्याकाळी तेर्सच्या, म्हणजे जपमाळेच्या, प्रार्थनेत मधेच घुसणाऱ्या घोषणा. किआराला त्याचं भारी अप्रूप. तिला कळलं की परदेशी राहणाऱ्या भारतीयालाही इथे येऊन मत देता येतं, नाव नोंदवलेलं असेल तर. तिने चौकशी केली. नोंदणीची मुदत केव्हाच टळून गेली होती. संध्याकाळी घरी येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, “म्हणजे मला तिकडेही नाही आणि इकडेही नाही.” मग स्वतःशीच, जरा वेळाने, “असं कसं चालेल.”

मतदानाच्या दिवशी मी सकाळी मत देऊन आले. किआरा मांडवाशीच होती. माझ्या बोटावरची शाई तिने पाहिली. तेवढ्यात माझ्या बहिणीचा फोन. ती नायगावला नव्या टॉवरमध्ये राहते. तिचा मुलगा नील, बावीस-तेवीसचा, मालाडला नोकरी करतो. “सुट्टी मिळाली म्हणून सकाळीच मित्रांबरोबर राजोडीला समुद्रावर गेलाय,” बहीण वैतागून म्हणाली. “मत देऊन जा म्हटलं तर म्हणतो, नंतर. येणार आहे थोडाच. पाच जण आहेत, सगळे आमच्याच कॉम्प्लेक्सचे.”

फोन स्पीकरवर होता. किआराने हात धुतले. “राजोडी किती लांब आहे?”

“स्कूटरवर असं गेलं की आलं. का?”

“जाऊ या.”

“अगं, कुणाला ओढून आणून मत देता येत नसतं.”

“ओढणार नाही. विचारणार आहे.”

केळी मार्था काकीच्या हवाली करून आम्ही निघालो. मी पुढे, ती मागे. भाजीच्या वाड्या, विहिरी, पांढरे क्रूस, मग सुरूची झाडं दिसू लागली आणि खारा वारा अंगावर आला. किनाऱ्यावर ही गर्दी. मुंबईकडून आलेल्या गाड्या, बर्फाच्या गोळ्याची गाडी, ओल्या वाळूत क्रिकेट. एका बाजूला कोळ्यांच्या होड्या वर ओढून ठेवलेल्या. नील आणि त्याची मंडळी सुरूच्या सावलीत चटई टाकून बसली होती, मधोमध बिर्याणीचं पातेलं. मला पाहून नील उभा राहिला.

“मावशी, तू? काय झालं?”

“काही झालं नाही. किआराला तुमच्याशी बोलायचंय.”

ती त्यांच्यासमोर वाळूत बसली. तिने भाषण केलं नाही. एवढंच विचारलं, “तुमच्यातलं कुणी मत दिलं का?”

कुणीच नव्हतं दिलं. एकाने खांदे उडवले. नील म्हणाला, “देऊन काय होणार? आमच्याकडे पाणी टँकरने येतं. मागच्या वेळी मम्मीने मला जबरदस्तीने नेलं, मी मत दिलं. टँकरच येतो अजून. कोणी पण आलं तरी टँकरच येणार.”

“बरोबर आहे,” किआरा म्हणाली.

तो जरा गोंधळला. त्याला वाद घालायची तयारी होती, मान्य करण्याची नव्हती.

“माझी मैत्रीण पण हेच म्हणते. दिलं काय, नाही दिलं काय, आमच्या नोकऱ्यांचं तेच. मला तिला उत्तर देता येत नाही, कारण मला मतच नाही. तिथे पासपोर्ट नाही म्हणून नाही, इथे यादीत नाव नाही म्हणून नाही. माझ्याकडे कुणी मागायला पण येत नाही. काल आत्याच्या दारात सगळे आले. हात जोडले. मी तिथेच उभी होते. एकाने विचारलं, ही कोण? आत्या म्हणाली, पाहुणी. मग माझ्याकडे त्यांनी बघितलं पण नाही.”

मला ते आठवत होतं. मी सहज बोलून गेले होते.

“तुमच्याकडे बघतात,” ती म्हणाली, “ते तुमचं मत आहे म्हणून. टँकरचं त्यांना तुम्हीच विचारू शकता. मी नाही.”

नीलचा चेहरा ताणला गेला. “तू तर इथे राहणार पण नाहीस. युरोपियन आहेस तू. तू तुझं तिकडचं बघ ना. आम्हाला कशाला शिकवतेस?”

 मी तोंड उघडणार होते, पण किआराने माझ्याकडे न पाहता हात आडवा केला.

“हो, आहे मी युरोपियन,” ती म्हणाली.  “मला स्वप्नं इटालियनमध्ये पडतात. मी तिथल्या शिव्या देते, तिथली बस चुकली की तिथल्यासारखी चिडते. पण तिथे नवं माणूस भेटलं की विचारतं, तू मूळची कुठली? इथे पण तेच विचारतात. मी दोन्हीकडे उत्तर देऊन देऊन दमले. म्हणून मी ठरवलंय. परत गेल्यावर मी नगरपालिकेत जाऊन सांगणार, मला इटलीची व्हायचंय. म्हणजे निदान एका ठिकाणी मला कोणी पाहुणी म्हणणार नाही. तुम्हाला हे ठरवावंच लागलं नाही. तुम्ही जन्मलात, झालं. मी शिकवत नाहीये नील. मला राग येतोय.”

लाटांचा आवाज होता, पलीकडे कुणीतरी आऊट झाल्याचा गोंधळ. मग चटईच्या टोकाला बसलेली एक मुलगी उठली. सायली तिचं नाव, कोकणातून आलेल्या कुटुंबातली, नीलच्याच इमारतीतली. तिने ओढणीवरची वाळू झटकली. “माझं पहिलंच आहे,” ती म्हणाली. “आई सकाळपासून फोन करतेय. मी जाते. बाईक कोण देतंय?”

तिच्याबरोबर आणखी दोघे उठले. नील नाही उठला. तो समुद्राकडे तोंड करून बसून राहिला. तिघं दोन गाड्यांवर बसून धुरळा उडवत गेले. संध्याकाळी सायलीचा फोन आला, दारं बंद व्हायच्या आत पोचलो, रांग होती, पण झालं.

 परतताना स्कूटरवर, नाळे गावाच्या वळणावर, किआरा म्हणाली, “पाचातले तिघे.”

“तिघे पुष्कळ झाले.”

“नील का नाही आला?”

“त्याला तू सगळ्यांसमोर बोललीस.”

“तोही बोलला मला.”

“हो. तोही बोलला.”

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन मांडवावर यायच्या आधी, मी इनासला फोन लावला. मनात जे होतं ते सांगायला मला फार जड गेलं. वाडीचा विचार मी सोडलेला नव्हता, आजही सोडलेला नाही. पण माझ्या घरच्या मुलीला मी स्वतःच्या तोंडाने पाहुणी म्हटलं होतं, आणि जिला मी पाहुणी म्हणते तिच्याकडून वाडी सांभाळायची अपेक्षा कशी करायची? “इनास,” मी म्हटलं, “मी तिला समजावणार नाही. तू पण समजावू नकोस. तिला जाऊन सांगू दे.”

 तो म्हणाला, “आणि वाडी?”

“वाडीसाठी तिला कुठल्या देशाची करून ठेवायचं, असं नको. तिला वाडी हवी असेल तर ती येईल. आली ना आता? रोज केळी फिरवतेय.”

“पासपोर्ट परत द्यावा लागेल तिला, ताई.” तो म्हणाला. “इतकी वर्षं मी माझा जपला.”

“तुझा जप की. तो तुझा आहे.”

डिसेंबरात ती गेली. सुकेळ्यांच्या पुड्या पिशवीत दाबून भरल्या. विमानतळावर मला मिठी मारून म्हणाली, “आत्या, रागावलीस?” मी म्हटलं, “नाही गं,” आणि ते खरं होतं. नाताळानंतर, मुदत संपायच्या आत, तिने नगरपालिकेत जाऊन सांगितलं. आई-बाप दोघे सोबत गेले. इनासने मला फक्त एक ओळ पाठवली: झालं.

मग उन्हाळ्यात तिथे लोकांचं मत मागवलं गेलं. निवडणूक नव्हती, प्रश्न होता. परदेशातून येऊन राहिलेल्यांना नागरिकत्व आताच्यापेक्षा कमी वर्षांत मिळावं का? निम्म्या मतदारांनी तरी यायला हवं, नाहीतर निकाल धरायचाच नाही, असा नियम. किआराच्या आयुष्यातलं पहिलं मत असं तिच्या आई-बापांसारख्या माणसांविषयी पडलं. त्या दिवशी इनासचा व्हिडिओ कॉल आला. मागे एका शाळेची पिवळी भिंत, रस्ता रिकामा.

“आम्ही दोघं बाहेर उभे आहोत,” तो म्हणाला. “ती आत गेलीय. ताई, इतकी वर्षं या शाळेवरून मी कामाला गेलो. निवडणुकीच्या दिवशी माणसं आत-बाहेर करताना बघायचो. आमच्या घरातलं कुणी आत आहे असं आज पहिल्यांदा.”  भावजयीने फोन घेऊन शाळेच्या दाराकडे वळवला.

दोन दिवसांनी कळलं, पुरेसे लोक आलेच नाहीत. प्रश्न तिथेच बारगळला. मी किआराला फोन केला. 

“वाईट वाटलं?”

“खूप,” ती म्हणाली. “बेनेदेत्ता आली होती पण. या वेळी मी तिच्या घरी जाऊन बसले सकाळीच. तिने कॉफी केली, मग आम्ही दोघी गेलो. पण मी एकीच्याच घरी गेले आत्या. सगळ्यांकडे जायला हवं होतं. पुढच्या वेळी आधीपासून सुरू करणार.” मग तिनेच विचारलं, “तुमच्याकडे पुढची कधी आहे?”

आमच्याकडे महापालिकेची निवडणूक कित्येक वर्षं रखडलेली होती. मी तिला तसं सांगितलं. म्हटलं, कधी ना कधी होईलच.

“मग यादीत नावं आत्ताच घालावी लागतील,” ती म्हणाली. “मुदत संपली की काही करता येत नाही. मला माहितेय.”

मी चौतीस-पस्तीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं. निवडणुकीच्या कामावर किती वेळा गेले त्याची गणती नाही. टेबलामागे बसले, बोटांना शाई लावली. पण टेबलाच्या अलीकडे येऊन कुणाचं दार वाजवावं असं मला कधी सुचलं नव्हतं. ज्याला यायचं तो येईल, असं मी धरून चालले होते.

त्याच आठवड्यातल्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून, मतदार नोंदणीचे अर्ज पिशवीत घालून मी नायगावला गेले. सायलीला आधी कळवलं होतं. ती खाली गेटपाशी उभी होती, आणि तिच्या शेजारी नील. त्याने मला हात केला, राजोडीचा विषय काढला नाही, मीही नाही. “लिफ्ट चालू आहे मावशी,” एवढंच म्हणाला, “आपण वरून सुरू करू, खाली उतरत येऊ.”

सगळ्यात वरच्या मजल्यावरचं पहिलं दार सायलीने वाजवलं. आतून टीव्हीचा आवाज बंद झाला, कडी निघाली. झोपेतून उठलेला एक मुलगा दारात, केस विस्कटलेले, हातात फोन. आम्हा तिघांकडे त्याने आलटून पालटून पाहिलं. त्याला वाटलं असावं, वर्गणी.

मी चष्मा नीट केला. “बाळा,” मी म्हटलं, “अठरा पूर्ण झाली का तुला?”